खंडेनवमीला टांगलेला रॅक

आमच्या समता कॉलोनीतल्या घरात डाळीच्या डब्यांपेक्षा बॅटऱ्या जास्त आहेत, असं आई येईल त्याला सांगायची, आणि ते फारसं खोटं नव्हतं. बाबा लोकांच्या घरी कपाटं, दारं आणि किचनच्या ट्रॉल्या बसवून द्यायचे. त्यांची बरीचशी कामं नव्या रायपूरकडच्या रिकाम्या फ्लॅटांत असत. तिथे लाइट आलेली नसायची, म्हणून त्यांनी एकेक करून सगळ्या मशीनी बिनवायरच्या घेतल्या. ड्रिल, भिंत फोडणारं हॅमर ड्रिल, स्क्रू मारायचं मशीन, ग्राइंडर, वळणं कापायची जिगसॉ, हातात धरायची गोल करवत. वायरी गेल्या आणि चार्जर आले. इन्व्हर्टरची लाइन घरात फक्त हॉलला आणि स्वयंपाकघराला होती. हॉलमधल्या बोर्डावर टीव्हीचं राज्य होतं, त्यामुळे चार्जरांनी ओटा बळकावला. फ्रिजवर करवत, लोणच्याच्या बरणीशेजारी ग्राइंडर, पोळ्यांच्या डब्यावर ड्रिल पालथं. त्यातला एक चार्जर बॅटरी भरली की बारीक शीळ घालायचा. आई शेजारच्या खोलीतून ती ऐकून, कुकर झाला म्हणत गॅस बंद करायला धावायची. त्या काळात आम्ही कितीदा तरी कच्चा भात खाल्ला.

मला मात्र तो सगळा पसारा मनापासून आवडायचा. ड्रिलचा घोडा हलकेच दाबला की आधी एक गुणगुण येते, मग आवाज चढत जातो, हे ऐकायला मी चहा गाळतागाळता मध्येच थांबायचे. मी नुकतीच बी.कॉम. झाले होते आणि आईने मला बँकेच्या परीक्षेच्या कोचिंगमध्ये घालायचं ठरवलं होतं. दसऱ्यानंतर नवी बॅच सुरू होणार होती. मला जायचं होतं बाबांच्या सोबत, कामावर. हे मी एकदा बोलून दाखवलं तेव्हा आईने हातातली पोळी तव्यावर जरा जोरातच टाकली. "पोरीची जात. लोकाच्या घरी शिडीवर चढून भोकं पाडत फिरशील का? आपल्याकडं सगळे ऑफिसात हायेत," ती म्हणाली. बाबांना मी सोबत हवी होते, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं असायचं, पण आईसमोर ते तोंड ताटात घालून बसत.

गोष्ट पेटली ती नवरात्र बसायच्या आधी. आई घाईत होती, आणि ताक घुसळायला तिने सवयीने हात लांब करून मिक्सीचं छोटं भांडं समजून ग्राइंडर उचललं. बटण दाबलं गेलं. बॅटरी लावलेली होती. चकती नव्हती म्हणून बरं, पण त्या आवाजाने आई एवढी दचकली की ताकाचं पातेलं ओट्यावरून खाली आणि ताक देवघरापर्यंत. मग बाबांच्या घशातून एक चमत्कारिक आवाज आला. ते हसू दाबत होते, आणि बाबांचं दाबलेलं हसू मला कधीच सहन झालं नाही. मी फुटले. मग ते फुटले. आई ताकात उभी राहून आमच्याकडे बघत होती.

"हसा," ती म्हणाली. "दोघं बी हसा. पन एक ऐकून घ्या. खंडेनवमीच्या पूजेआधी ह्या समद्या मशीनी माह्या सैपाकघरातून गेल्या पाहिजेत. एक बी ब्याटरी दिसली नाही पाहिजे."

"कुठी ठेवू मंग?" बाबांनी विचारलं.

"मले काय विचारून राहिले? एवढे लोकायचे कपाटं बनवता!" आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुले मोठी हौस आहे ना मिस्त्री व्हायची? तू बनव. नवमीच्या पूजेले समद्या मशीनी जागच्या जागी टांगलेल्या दिसल्या, तर जा बापासंगं कामावर, मी तोंडातून शब्द काढनार नाही. नाही दिसल्या, तर दसऱ्यानंतर मुकाट कोचिंगले जायचं."

आई हे रागात बोलली होती. पण आई रागात बोललेलं शांत झाल्यावरही मोडत नसे, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. आता ह्या वयात फार हसले की मला खोकला लागतो, पण त्या दिवशी ताक पुसताना मला जमिनीवरून उठवत नव्हतं इतकी मी हसत होते, आणि त्यात निम्मं हसू भीतीचं होतं.

घरापुढच्या पोर्चला बाबांनी पत्रे टाकून घेतले होते, तेच आमचं वर्कशॉप. रॅक तिथल्या भिंतीवर लागणार होता. घर भाड्याचं, वरच्या मजल्यावर मालकीण साहूकाकी राहत. भिंतीत भोकं पाडायची परवानगी मागायला मी गेले तेव्हा त्या गच्चीवर बडी, म्हणजे आपले सांडगे, वाळत घालत होत्या. "हव, कर ले बेटी," त्या म्हणाल्या, "पर दीवाल मत गिरा देना." मला ते तेव्हा विनोदी वाटलं.

रॅकचा नकाशा माझा होता. बाबांनी फक्त जाड प्लायचे उरलेले तुकडे काढून दिले आणि खुर्ची टाकून बसले. आईने काम माझ्यावर टाकलं होतं आणि बाबांना बेइमानी करायची नव्हती. वर एक फळी, तिच्यावर सगळे चार्जर ओळीने आणि मागे एक्सटेन्शन बोर्ड पक्का बसवलेला. त्याच्या खाली दुसरी फळी, तिच्या पुढच्या कडेला लांबट खाचा. ड्रिल खाचेत समोरून सरकवायचं, त्याचं पोट दोन्ही बाजूंना फळीवर टेकतं आणि मूठ खाली लोंबत राहते. हात घातला की मूठ हातात. तळाच्या फळीवर करवत, ग्राइंडर असली न लोंबणारी मंडळी. सगळं डोक्यात अगदी सोपं होतं. पहिली खाच मी मोठ्या थाटात कापली, ड्रिल सरकवलं, हात सोडला, आणि ड्रिल सरळ खाली आईने भिजत घातलेल्या पोह्यांच्या पातेल्यात. ते पातेलं तिथे का होतं हे मला आजही कळलेलं नाही. बाबा खुर्चीवरून अर्धे घसरले. "पोट्टे, तू मुठीचं माप घेतलंस आन् पोटाचं विसरलीस," ते डोळे पुसत म्हणाले. ड्रिल वाचलं. पोहे वाचले नाहीत, आणि आईला आम्ही मांजराचं नाव सांगितलं.

ते दिवस कसे गेले ते सांगता येत नाही, इतके मजेत गेले. मी कापायचे, बाबा बघायचे, आणि मी चुकायच्या जरा आधी ते खाकरायचे. त्यांचं खाकरणं हेच माझं शिक्षण. कडेच्या फार जवळ खिळा लावू लागले की एक खाकरणं, करवत तिरकी धरली की दोन. प्लायचा भुसा माझ्या केसांत, चहात, उपासाच्या भगरीत. संध्याकाळी गल्लीतल्या दुर्गेच्या मांडवातून देवीच्या जसगीतांचा मांदर, मृदंगासारखा तो ढोल, ऐकू यायचा आणि मी त्या ठेक्यावर पॉलिश पेपर घासायचे. आई मधूनमधून दारात यायची, रॅककडे न बघता कुंड्यांना पाणी घालायची आणि परत जायची. एकदा मात्र मी आतून पाहिलं, तिने कोणी नाही असं बघून एका खाचेत हात घालून पाहिला, गुळगुळीत आहे का ते.

नवमीच्या सकाळी रॅक भिंतीवर चढवायचा होता. भिंतीत हॅमर ड्रिलने भोकं पाडायची, त्यांत स्क्रू पकडणाऱ्या प्लॅस्टिकच्या गिट्ट्या ठोकायच्या, मग लांब स्क्रू. वरची दोन भोकं झाली, दोन स्क्रू बसले, बाकीची खुणा केलेली भोकं पाडायला मी मशीन लावलं, आणि ते एकदा गुरगुरून बंद पडलं. बॅटरी संपली. दुसरी लावली, तीही रिकामी. मी आत धावले तर आई वड्यांची डाळ वाटत होती. मिक्सीला प्लग हवा म्हणून तिने आदल्या रात्रीच सगळे चार्जर काढून ठेवले होते. घरात एकाही बॅटरीत जीव नव्हता. चूक तिची नाही, ओटा तिचा होता.

बाबांनी घड्याळाकडे पाहिलं. पूजेची वेळ झाली होती. त्यांनी रॅक दोन्ही हातांनी हलवून पाहिला. "दोन स्क्रूवर उद्यापर्यंत राहते," ते हळूच म्हणाले. "उद्या दसऱ्याची पूजा झाली की बाकीचे मारू. तुह्या आईले काही सांगू नको." आणि आम्ही दोघांनी भराभर ओट्यावरची, फ्रिजवरची, बरणीशेजारची एकेक मशीन आणून रॅकमध्ये लावली. देखणा दिसत होता तो. चार्जर वरच्या फळीवर, त्यांत रिकाम्या बॅटऱ्या, आणि बाबांनी बोर्ड चालू केला तेव्हा लाल दिव्यांची एक रांग लुकलुकायला लागली.

आमच्याकडे खंडेनवमीचा नेम कडक. बाबांचे वडील रेल्वेत वॅगन दुरुस्तीला होते, त्यांच्यापासून चालत आलेला. नवमीला हत्यारांची पूजा झाली की दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा होईपर्यंत घरातल्या कुठल्याच हत्याराला हात लावायचा नाही. हातोडी, पाना, साधा स्क्रू-ड्रायव्हर, आईची विळी, कात्री, सगळं पूजेत. भाजी आदल्या दिवशीच चिरलेली असायची. बाबांनी हौसेने प्रत्येक ड्रिलच्या तोंडात झेंडूचं एकेक फूल धरून तोंड आवळलं. आईने हळदकुंकू लावलं, मशीनीला एक बोट आणि प्रत्येक बॅटरीला एक बोट, आणि आरतीचं तबक पेटवलं. तिने रॅककडे पहिल्यांदा नीट पाहिलं. पदर सारखा केला. मला वाटलं, जिंकलो आपण.

आरतीच्या दुसऱ्या कडव्यात माझ्या पायावर काहीतरी पडलं. बघते तर प्लास्टर. वर पाहिलं तर रॅकची वरची कड आणि भिंत यांच्यात एक फट, मघाशी नव्हती ती. एवढ्या मशीनी आणि बॅटऱ्या म्हणजे वजन थोडं नव्हतं, आणि ते सगळं पुढे झुकू पाहत होतं. मी टाळ्या वाजवत वाजवत मागे सरकले, रॅकला पाठ लावली आणि टाचा रोवल्या. बाबा समोरच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फटीकडे पाहिलं, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. आरती म्हणणारा माणूस हसू दाबतो तेव्हा त्याचा सूर असा काही वर जातो की विचारू नका. आई डोळे मिटून म्हणत होती. तिने एक डोळा उघडून त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा बाबांनी आणखी मोठ्याने गायला सुरुवात केली.

आई नैवेद्याला आत गेली तशी मी कुजबुजले, "बाबा, मशीनी उतरवा!"

"उतरवू कशा? पूजेत हायेत," ते म्हणाले, आणि इतका वेळ हसू दाबत असूनही त्यांचा चेहरा खरोखर दुःखी झाला. "पनू पोरी, आपल्या घरात हे कधी मोडलं नाही." त्यांनी खाली स्टूल सरकवून पाहिलं, ते ठेंगणं पडलं, आणि वरून पुढे झुकणाऱ्याला खालून टेकू देऊन काय होणार? एका ओळखीच्या सुताराला फोन केला, तर तो सणाला गावी गेलेला. शेवटी ते म्हणाले, "पाळीपाळीनं धरू." उद्यापर्यंत! मी रॅकला पाठ लावून हसत होते आणि हसले की रॅक हलत होता, म्हणून हसायचं नाही, आणि हसायचं नाही म्हटलं की काय होतं हे ज्याने देवापुढे हसू दाबलं आहे त्याला सांगायला नको.

आईने हाक मारली, "ये जेवाले."

"मी इथंच जेवीन!"

"काहून?"

"पूजेपुढे बरं वाटून राहिलं, आई." माझी देवभक्ती ऐकून तिने पुन्हा हाक मारली नाही. बाबांनी माझं ताट आणलं आणि मला एकेक वडा कढीत बुडवून भरवायला लागले. तोंडात वडा, पाठीला रॅक, डोळ्यांत पाणी. त्याच वेळी साहूकाकी प्रसादाला खाली आल्या आणि नेमक्या माझ्यासमोर खुर्ची टाकून बसल्या. रॅकचं कौतुक केलं, दिवे मोजले, मग आपल्या सुनेच्या माहेरची सगळी हकिकत सांगितली. मी मान डोलवत होते. दर वाक्याला टाचा पुन्हा रोवत होते. त्या एकदाच्या उठल्या, जिन्याने वर गेल्या, आणि नेमकं तेव्हाच एक स्क्रू गिट्टीसकट भिंतीतून निघून टणकन फरशीवर पडला.

आई दारात उभी होती. हातात माझ्यासाठी आणखी आणलेल्या वड्यांचं ताट. ती त्या स्क्रूकडे बघत होती, मग माझ्या टाचांकडे, मग बाबांकडे. बाबा एका हातात कढीची वाटी घेऊन दुसऱ्या हाताने रॅक दाबून धरत होते. मला हसू येईना. कोचिंगची गल्ली, तिथली बाकं, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. मी म्हणाले, "आई, दोनच स्क्रू झाले होते. बॅटरी संपली."

तिने ताट खाली ठेवलं, पुढे आली आणि माझ्याशेजारी उभी राहून रॅकला हात लावला. वजन तिच्या हातात आलं तशी ती दचकली. "आरतीपासून धरून राहिली का तू?"

मी मान डोलवून हो म्हटलं.

"आन् तुम्ही तिले वडे चारून राहिले," ती बाबांना म्हणाली.

"पूजेत हायेत मशीनी," बाबा म्हणाले. "उद्यापर्यंत हात कसा लावता..."

"पोरीचं काम अर्धं पडलं होतं. अर्धं काम देवापुढं मांडलं तुम्ही, आन् आता मले नेम सांगता? पूजा म्या मांडली, मीच उचलीन. देवाले काय सांगायचं ते मी सांगीन." तिने हात जोडले, डोळे मिटले, ओठ हलले, बहुतेक देवाला बाबांची तक्रार केली, आणि खाचेतून हॅमर ड्रिल उपसून काढलं. कुंकू लागलेलं, तोंडात झेंडू. तोवर वरच्या फळीवर त्याच्या बॅटरीचा दिवा हिरवा झाला होता, म्हणजे ती भरली होती. मी हात वर करून ती काढून तिच्याकडे दिली. तिने ती खटकन बसवली. ओट्यावर इतके दिवस बघून बघून तिला सगळं येत होतं. बाबांनी सवयीने हात पुढे केला.

"तुम्ही रॅक धरा," आई म्हणाली, आणि ड्रिल माझ्या हातात दिलं.

ते घेताना माझं बोट घोड्यावर पडलं. झेंडूचं फूल गरगर फिरलं आणि पाकळ्या पोर्चभर उडाल्या, आईच्या केसांत, कढीत, बाबांच्या तोंडात. बाबा थुंकत होते आणि हसत होते, आणि मग आई हसली. पदर तोंडाला लावून नाही, चांगली मोठ्याने, भिंतीला हात टेकून. मी भोक पाडायचा बिट लावला आणि भिंतीला टेकवला. सणाच्या भर दुपारी सगळी कॉलोनी सुस्तावलेली असताना आमच्या पोर्चमधून तो भयंकर आवाज सुरू झाला, लाल विटेचा भुगा माझ्या मनगटावर पडायला लागला.

जिन्यावरून साहूकाकी घाबऱ्याघाबऱ्या ओरडल्या, "अरे दीदी, आज के दिन कौन मिस्त्री लगा दिया?"

मी मशीन थांबवलं. आईने बाबांकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही पाहिलं नाही. कमरेला पदर खोचत तिने जिन्याकडे तोंड केलं आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "किसी को नहीं लगाया दीदी. हमारे घर की मिस्त्री है. लड़की है हमारी."

मी पटकन पुन्हा मशीन चालू केलं, कारण मला रडू येत होतं आणि ते कोणाला ऐकू जायला नको होतं. डोळ्यांतल्या पाण्यात खूण नीट दिसेना, म्हणून ते एक भोक तिरपं पडलं. बाबा खाकरलेसुद्धा नाहीत.